पीसी/१०४ बोर्डावरील इंटरप्ट आणि विस्तार-बस: मांडणी, सेटिंग आणि तपासणी

एम्बेडेड बोर्डावर नवे विस्तार मॉड्यूल चढवले आणि ते चालले नाही, तर मॉड्यूल बिघडले आहे अशी शंका आधी येते. बहुधा मॉड्यूल ठणठणीत असते. त्याला दिलेली इंटरप्ट लाइन (प्रोसेसरचे लक्ष वेधणारी तार) किंवा पोर्टचा पत्ता (ज्या क्रमांकावर प्रोसेसर मॉड्यूलशी बोलतो तो) आधीच दुसऱ्या कोणाकडे तरी असतो. म्हणून जंपरला (पिना जोडून सेटिंग ठरवणाऱ्या छोट्या टोपीला) हात लावण्यापूर्वी कागदावर वाटप करून घ्यावे, आणि ते करताना ज्या उपकरणाला पर्याय सर्वांत कमी आहेत त्याला जागा सर्वांत आधी द्यावी. या लेखातील प्रत्येक पायरी याच क्रमातून निघते. येथे विचार पीसी/१०४ कुटुंबाच्या, म्हणजे एकावर एक रचल्या जाणाऱ्या छोट्या बोर्डांचा केला असला, तरी जुनी आयएसए बस आणि पीसीआय बस (मॉड्यूल जोडणाऱ्या सामायिक तारांचे दोन प्रकार) एकत्र नांदणाऱ्या कोणत्याही एक्स-८६ बोर्डाला तो लागू पडतो.

बसवर काय उपलब्ध आहे

पीसी/१०४ चे विनिर्देश १९९२ साली प्रसिद्ध झाले. ९० बाय ९६ मिलिमीटरच्या छोट्या मॉड्यूलवर आयएसए बसचे सर्व सिग्नल दोन कनेक्टरांतून नेलेले असतात: ६४ पिनांचा पहिला कनेक्टर आठ-बिट कामासाठी पुरतो, आणि ४० पिनांचा दुसरा त्याला सोळा-बिट बनवतो. १९९७ साली आलेल्या पीसी/१०४-प्लसमध्ये १२० पिनांचा तिसरा कनेक्टर वाढला आणि त्यावरून ३२-बिट पीसीआय बस मिळू लागली.

इंटरप्टच्या दृष्टीने या दोन कनेक्टरांमधला फरक अतिशय महत्त्वाचा आहे. ६४ पिनांच्या कनेक्टरवर आयआरक्यू (इंटरप्ट लाइनचा क्रमांक) ३ ते ७ आणि ९ एवढ्या सहाच लाइन असतात. १०, ११, १२, १४ आणि १५ या लाइन ४० पिनांच्या कनेक्टरवर आहेत. म्हणजे आठ-बिट मॉड्यूलला १० किंवा ११ द्यायचे ठरवले, तरी ती पिन त्या मॉड्यूलपर्यंत पोहोचतच नाही. ०, १, २, ८ आणि १३ हे क्रमांक बसवर येत नाहीत, कारण ते अनुक्रमे टायमर, कीबोर्ड, दोन कंट्रोलरांची आपसातील जोडणी, घड्याळ आणि गणिती सहप्रोसेसर यांच्यासाठी बोर्डावरच खर्ची पडलेले असतात.

मूळ पीसी रचनेत ८२५९ जातीचे दोन इंटरप्ट कंट्रोलर एकामागे एक जोडलेले असतात. दुसरा कंट्रोलर पहिल्याच्या क्रमांक २ च्या इनपुटमधून आत येतो, म्हणून १६ पैकी १५ लाइन वापरता येतात. याच जोडणीमुळे प्राधान्याचा क्रम सरळ उतरता राहत नाही: ० आणि १ नंतर ८ ते १५ यांचा नंबर लागतो आणि ३ ते ७ सर्वांत शेवटी येतात. जुन्या कंट्रोलरवर चालणाऱ्या यंत्रणेत वेळेला संवेदनशील मॉड्यूल ५ किंवा ७ वर ठेवण्यापेक्षा १० वर ठेवावे, त्याचे कारण हेच. एखाद्या जुन्या मॉड्यूलवर जंपरपाशी ‘आयआरक्यू २’ असे छापलेले आढळले, तर सॉफ्टवेअरमध्ये ९ लिहावे, कारण बसवरील ती पिन पुढे ९ ला जोडलेली असते. मात्र एसीपीआय चालू असलेल्या बोर्डांवर ९ ही लाइन सहसा वीज-व्यवस्थापनाच्या इंटरप्टसाठी राखलेली असते. बोर्डाच्या पुस्तिकेत स्पष्ट मुभा असल्याखेरीज तिच्या वाटेला जाऊ नये.

एज आणि लेव्हल यांतला फरक

मांडणीतल्या बहुतेक नियमांचे मूळ या एका फरकात आहे, म्हणून येथे घाई करू नये.

आयएसए बसवरील इंटरप्ट एज-ट्रिगर असतो. मॉड्यूल लाइन खालून वर नेते आणि कंट्रोलर फक्त त्या चढत्या कडेची नोंद घेतो. लाइन पुढे वरच राहिली, तरी तो दुसरा इंटरप्ट मानला जात नाही. पीसीआयवरील इंटरप्ट याच्या उलट, म्हणजे लेव्हल-ट्रिगर आणि लो-सक्रिय असतो. उपकरण लाइन खाली ओढून धरते, आणि जोवर कोणीतरी ती खाली ओढत आहे तोवर विनंती जिवंत राहते. पीसीआयच्या लाइन ओपन-ड्रेन (फक्त खाली ओढल्या जाणाऱ्या, वर न ढकलल्या जाणाऱ्या) असल्यामुळे अनेक उपकरणांनी एकच लाइन एकाच वेळी खाली ओढली, तरी विजेच्या दृष्टीने काहीही बिघडत नाही.

आता दोन आयएसए मॉड्यूलना एकच आयआरक्यू दिला तर काय होते ते पाहू. पहिली अडचण विजेची आहे. साधे मॉड्यूल आपली लाइन वरही ढकलते आणि खालीही ओढते, त्यामुळे एक मॉड्यूल वर नेत असताना दुसरे खाली धरून बसते आणि दोन मॉड्यूलच्या आउटपुटांची झुंज लागते. पीसी/१०४ च्या विनिर्देशांत यासाठी एक ऐच्छिक सोय दिली आहे. मॉड्यूलने लाइन फक्त वर ढकलायची आणि एरवी मोकळी सोडायची. लाइन खाली आणण्याचे काम १ किलोओहमचा एक रेझिस्टर करतो. ही सोय वापरताना त्या लाइनवरील सर्व मॉड्यूलपैकी एकाच मॉड्यूलवरचा रेझिस्टर जंपरने जोडलेला असावा. सगळ्यांचे जोडले तर लाइनवरील भार वाढून ती नीट वर जात नाही, आणि एकाचाही जोडला नाही तर ती अधांतरी लोंबकळत राहते.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरची आहे आणि ती अधिक फसवी आहे. समजा, मॉड्यूल ‘अ’ ने लाइन वर नेली, ड्रायव्हर (मॉड्यूल हाताळणारे सॉफ्टवेअर) जागा झाला आणि ‘अ’ चे काम उरकू लागला. तेवढ्यात मॉड्यूल ‘ब’ नेही विनंती केली. लाइन आधीच वर असल्यामुळे नवी कडा उमटली नाही. ‘अ’ चे काम संपले, त्याने लाइन सोडली, पण ‘ब’ ने ती वर धरून ठेवली आहे. ड्रायव्हर फक्त ‘अ’ पाहून परत गेला, तर लाइन कायमची वर राहते, पुढे एकही कडा येत नाही आणि दोन्ही मॉड्यूल गप्प होतात. यावर उपाय एकच आहे: ड्रायव्हरने लाइनवरील सर्व उपकरणे पुन्हा पुन्हा विचारत राहावे आणि एका पूर्ण फेरीत कोणाकडेही काम शिल्लक नाही अशी खात्री झाल्यावरच बाहेर पडावे. चार किंवा आठ पोर्टांची सिरीयल मॉड्यूल एकाच आयआरक्यूवर चालतात ती याच पद्धतीने.

या सर्वांचा व्यवहारातला अर्थ असा की आयएसए मॉड्यूलला स्वतंत्र लाइन द्यावी आणि वाटून घेण्याची पाळी पीसीआय उपकरणांवर आणावी, कारण ती त्यासाठीच घडवलेली आहेत. आयएसए आणि पीसीआय उपकरण एकाच लाइनवर मात्र कधीही ठेवू नये.

वाटपाचा तक्ता

तक्त्यात पाच रकाने पुरतात: उपकरण, बसचा प्रकार, आयआरक्यू, पोर्टचे पत्ते आणि मेमरी खिडकी (मॉड्यूलने व्यापलेला मेमरी-पत्त्यांचा पट्टा). प्रथम बोर्डावरची स्थिर उपकरणे भरावीत, मग जंपरवाली मॉड्यूल, आणि शेवटी बायॉस (बोर्ड सुरू करणारे अंगभूत सॉफ्टवेअर) आपोआप ज्यांची सोय लावते ती पीसीआय उपकरणे.

उदाहरणादाखल अशी यंत्रणा घेऊ: बोर्डावर दोन सिरीयल पोर्ट, एक पॅरलल पोर्ट, इथरनेट आणि यूएसबी, त्यावर चार पोर्टांचे आठ-बिट सिरीयल मॉड्यूल, सोळा-बिट एडीसी मॉड्यूल (अॅनलॉग सिग्नलचे अंकांत रूपांतर करणारे) आणि पीसीआय बसवरचे कॅन मॉड्यूल (उपकरणे जोडणाऱ्या औद्योगिक जाळ्याचे). बोर्डावरील सिरीयल पोर्ट प्रघाताप्रमाणे ४ आणि ३ घेतात. पॅरलल पोर्ट वापरायचा नसेल तर तो बायॉसमध्ये बंद करावा, म्हणजे ७ मोकळा होतो; फ्लॉपी कंट्रोलर बंद केला की ६ सुटतो. आठ-बिट मॉड्यूलच्या आवाक्यातील सहा लाइनपैकी ३ आणि ४ गेल्या, ९ एसीपीआयकडे आहे, म्हणजे उरल्या ५, ६ आणि ७. त्यांपैकी ५ ही लाइन सिरीयल मॉड्यूलला द्यावी. एडीसीला १० द्यावी. इथरनेट, यूएसबी आणि कॅन यांच्यासाठी ११ सोडावी. डिस्क जुन्या आयडीई पद्धतीने चालत नसेल, तर १४ आणि १५ देखील त्यांच्या वाट्याला येऊ शकतात.

७ ही लाइन शक्यतो रिकामी ठेवावी असे माझे मत आहे, आणि त्याला ठोस कारण आहे. इंटरप्टची विनंती प्रोसेसरने दखल घेण्याआधीच नाहीशी झाली, तर ८२५९ कंट्रोलर तो इंटरप्ट ७ क्रमांकाचा म्हणून कळवतो. दुसऱ्या कंट्रोलरच्या बाबतीत असाच खोटा इंटरप्ट १५ वर येतो. ७ वर कोणीही नसेल तर तेथे दिसणारी प्रत्येक घटना म्हणजे लाइनवर गोंगाट आहे किंवा एखादे मॉड्यूल विनंती अर्धवट सोडत आहे याची खूण ठरते. तेथे खरे उपकरण बसवले की ही खूण त्याच्या गर्दीत हरवते.

पत्त्यांच्या बाबतीत आयएसए मॉड्यूलसाठी हेक्साडेसिमल १०० ते ३एफएफ एवढाच पट्टा असतो. त्यात चार पारंपरिक सिरीयल पोर्ट ३एफ८, २एफ८, ३ई८ आणि २ई८ येथे, तर पॅरलल पोर्ट बहुधा ३७८ येथे बसलेला असतो. ३०० ते ३१एफ हा भाग प्रायोगिक कार्डांसाठी मोकळा ठेवण्याचा प्रघात आहे. प्रत्येक सिरीयल पोर्टला आठ पत्ते लागतात, म्हणून चार पोर्टांना ३०० ते ३१एफ हे ३२ पत्ते नेमके पुरतात. कोणत्या पोर्टने इंटरप्ट दिला हे सांगणारे स्टेटस रजिस्टर मॉड्यूलवर वेगळ्या पत्त्यावर असते. त्याचीही नोंद करावी, कारण तक्त्यातून हमखास निसटते ते हेच. एडीसी ३४० पासून ठेवता येईल. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: अनेक जुनी मॉड्यूल पत्त्याचे फक्त खालचे दहा बिट वाचतात. ३०० वरचे असे मॉड्यूल ७०० आणि बी०० या पत्त्यांनाही ओ देते. त्यामुळे वरच्या पट्ट्यातील एखाद्या उपकरणाशी टक्कर झाली, तर ती केवळ तक्ता पाहून कळत नाही.

डीएमएचे (प्रोसेसरला वगळून मेमरीशी थेट होणाऱ्या देवाणघेवाणीचे) फार लिहिण्यासारखे नाही. आठ-बिट कामासाठी ० ते ३ आणि सोळा-बिट कामासाठी ५ ते ७ असे चॅनेल असतात, ४ जोडणीत जातो. नव्या बोर्डांवर आयएसए बस एखाद्या ब्रिज चिपमधून (एका बसला दुसरीशी जोडणाऱ्या चिपमधून) तयार केलेली असते आणि तेथे डीएमए अनेकदा मिळतच नाही. मॉड्यूलला डीएमए लागत असेल तर बोर्ड निवडण्यापूर्वीच हे तपासावे.

बायॉसमधील सेटिंग

जंपरने आयआरक्यू ठरवला म्हणजे तो मिळाला असे होत नाही. बायॉसला त्या मॉड्यूलची काहीही कल्पना नसते, आणि तिच्या दृष्टीने १० मोकळाच असतो, म्हणून ती तो खुशाल इथरनेटला देऊन टाकते. यासाठी पीसीआय आणि प्लग-अँड-प्लेच्या पानावर जाऊन ५ आणि १० या लाइन ‘रिझर्व्ह्ड’ किंवा ‘लेगसी आयएसए’ अशा नोंदवाव्यात. ‘प्लग-अँड-प्ले ओएस’ हा पर्याय दिसला तर तो ‘नो’ ठेवावा, म्हणजे सर्व उपकरणांची मांडणी बायॉस स्वतः पूर्ण करते. मॉड्यूलला मेमरी खिडकी लागत असेल, तर सी८००० ते डीएफएफएफएफ या पट्ट्यातील तेवढा भाग आयएसएसाठी राखावा आणि तेथे बायॉसची सावली-प्रत (रॅममधील नक्कल) बंद करावी.

ब्रिज चिपमधून आयएसए बस देणाऱ्या बोर्डांवर आणखी एक पायरी असते. कोणत्या पत्त्यांवरील व्यवहार ब्रिजपलीकडे जाऊ द्यायचे हे तेथे स्पष्ट सांगावे लागते. ते सांगितले नाही, तर मॉड्यूल योग्य पत्त्यावर असूनही प्रोसेसरची हाक त्याच्यापर्यंत जात नाही, आणि तो पत्ता वाचल्यावर एफएफ मिळते. एफएफ हे बसवर कोणीही उत्तर देत नसल्याचे लक्षण आहे. मॉड्यूल बदलण्यापूर्वी हे सेटिंग पाहावे.

पीसीआय मॉड्यूलचा स्लॉट क्रमांक

पीसी/१०४-प्लस मॉड्यूलवर एक छोटा फिरता स्विच किंवा जंपरचा गट असतो. त्यावरून त्या मॉड्यूलचा ओळख-सिग्नल, क्लॉक, बस मागण्याची जोडी आणि इंटरप्ट लाइन या चारही गोष्टी ठरतात. प्रोसेसर बोर्डाच्या सर्वांत जवळच्या मॉड्यूलला पहिला क्रमांक द्यावा आणि पुढे क्रमाने जावे, कारण थरानुसार क्लॉक सर्व मॉड्यूलवर एकाच वेळी पोहोचावा अशी त्याच्या मार्गांची लांबी राखलेली असते. असे जास्तीत जास्त चार मॉड्यूल जोडता येतात. दोन मॉड्यूलचा क्रमांक एकच झाला, तर बोर्ड सुरूच होत नाही किंवा दोन्ही मॉड्यूल दिसेनाशी होतात.

पीसीआयमध्ये इंटरप्टच्या चारच लाइन आहेत, ए ते डी. प्रत्येक मॉड्यूल स्वतःच्या दृष्टीने ‘ए’ वापरते, पण स्लॉट क्रमांकानुसार ती फिरवून वेगवेगळ्या लाइनवर नेली जाते, म्हणून चार मॉड्यूलचा भार चार लाइनवर विखुरतो. पुढे कोणती लाइन कोणत्या आयआरक्यूला जोडायची हे बायॉस ठरवते आणि उपकरणाच्या कॉन्फिगरेशन जागेत ३सी या ठिकाणी लिहून ठेवते; उपकरण कोणती पिन वापरते ते ३डी येथे असते. कॅन मॉड्यूल आणि इथरनेट एकाच लाइनवर येऊन कॅनला उशीर होत असेल, तर सॉफ्टवेअर खरडत बसण्यापूर्वी मॉड्यूलची थरातली जागा आणि क्रमांक बदलून पाहावा.

सिग्नलचे व्होल्टेज ३.३ की ५ हे ठरवणारा जंपर प्रोसेसर बोर्डावर असेल, तर तो सर्व मॉड्यूलच्या पुस्तिका पाहूनच लावावा. ही चूक मॉड्यूल जाळू शकते.

पीसीआय एक्स्प्रेसवर इंटरप्टसाठी वेगळ्या तारा उरलेल्या नाहीत. तेथे उपकरण एका ठरावीक मेमरी पत्त्यावर लिहून प्रोसेसरला जागे करते. त्याला एमएसआय म्हणतात. ड्रायव्हर एमएसआय वापरू शकत असेल तर तेच वापरावे, कारण त्यात लाइन वाटून घेण्याचा प्रश्नच येत नाही.

जोडणी

वीज पूर्ण बंद असताना आणि स्थिर विजेचा पट्टा मनगटाला बांधूनच मॉड्यूल बसवावीत. प्रोसेसर बोर्डाला लागून पीसीआयची मॉड्यूल, त्यानंतर सोळा-बिट आणि सर्वांत शेवटी आठ-बिट असा क्रम ठेवावा, कारण आठ-बिट मॉड्यूलवर ४० पिनांचा कनेक्टर नसल्यास तो सिग्नल तेथेच संपतो. दोन्ही कनेक्टरांत एकेक छिद्र बुजवलेले आणि समोरची पिन काढलेली असते. ती खूण जुळवून पाहावी. एक ओळ सरकून बसलेले मॉड्यूल पहिल्याच क्षणी निकामी होऊ शकते. एका वेळी एकच मॉड्यूल चढवावे आणि तपासल्यानंतरच पुढचे घ्यावे. यात वेळ जातो, पण तीन मॉड्यूल एकदम बसवून त्यांतला दोषी शोधण्यात जाणाऱ्या वेळेपेक्षा तो फार कमी असतो.

तपासणी

लिनक्सवर ‘प्रोक’ डिरेक्टरीतील ‘इंटरप्ट्स’ ही फाइल सर्वांत उपयोगी पडते. तिच्या प्रत्येक ओळीत आयआरक्यू क्रमांक, प्रत्येक प्रोसेसरवर आतापर्यंत आलेल्या इंटरप्टची संख्या, कंट्रोलरचा प्रकार, एज की लेव्हल ही नोंद आणि ड्रायव्हरचे नाव असते. केवळ नाव दिसल्याने समाधान मानू नये. एडीसी मॉड्यूल प्रत्येक नमुन्याला एक इंटरप्ट देईल असे ठेवावे, १० ची संख्या लिहून घ्यावी, नेमके १०० नमुने घ्यायला लावावे आणि फाइल पुन्हा वाचावी. फरक १०० आला तर मांडणी बरोबर आहे. फरक शून्य असेल तर विनंती पोहोचतच नाही, आणि १०० पेक्षा कमी असेल तर कडा हरवत आहेत. त्याच डिरेक्टरीतील ‘आयओपोर्ट्स’ आणि ‘आयओमेम’ या फाइलींवरून पत्त्यांची टक्कर तपासता येते, तर पीसीआय उपकरणांसाठी ‘एलएसपीसीआय’ हा आदेश सविस्तर पर्यायासह चालवावा.

सिरीयल मॉड्यूलच्या बाबतीत ‘सेटसिरीयल’ या आदेशाने प्रत्येक पोर्टचा पत्ता आणि आयआरक्यू कर्नेलला (लिनक्सच्या गाभ्याला) कळवावा लागतो. अनेक कर्नेल सुरुवातीला चारच सिरीयल पोर्टांची जागा ठेवतात. बोर्डाचे दोन आणि मॉड्यूलचे चार मिळून सहा होत असल्याने बूट पर्यायांत ही संख्या वाढवावी, आणि कर्नेल बांधताना सिरीयल पोर्टांना आयआरक्यू वाटून घेण्याची मुभा दिलेली आहे याची खात्री करावी.

पोर्टचा वेग वाढवला की वेळेचा हिशेब करावा. १,१५,२०० बॉडला एका अक्षराला दहा बिट धरले, तर सेकंदाला ११,५२० अक्षरे येतात, म्हणजे एका अक्षराला साधारण ८७ मायक्रोसेकंद मिळतात. १६५५० या सिरीयल चिपच्या फिफोत (आलेली अक्षरे साठवणाऱ्या रांगेत) १६ अक्षरे मावतात. इंटरप्टचा उंबरठा १४ वर ठेवला तर ड्रायव्हरला फिफो भरण्यापूर्वी सुमारे १७४ मायक्रोसेकंदच मिळतात. तो ८ वर आणला तर हीच सवलत जवळजवळ ७०० मायक्रोसेकंदांवर जाते, आणि त्याच्या बदल्यात प्रत्येक पोर्टमागे सेकंदाला सुमारे १,४४० इंटरप्ट सोसावे लागतात. चार पोर्ट एका लाइनवर असताना मी ८ च निवडतो.

न चालल्यास कोठे पाहावे

संख्या शून्यावरच अडली असेल, तर जंपर आणि बायॉसमधील राखीव नोंद पाहून झाल्यावर मॉड्यूलवरील इंटरप्ट चालू करणारा बिट पाहावा. पीसी पद्धतीच्या सिरीयल पोर्टमध्ये मोडेम कंट्रोल रजिस्टरमधील ‘आउट २’ हा बिट १ केल्याशिवाय इंटरप्ट बसवर येतच नाही, आणि स्वतः लिहिलेल्या ड्रायव्हरमध्ये हाच राहून जातो.

संख्या काही काळ वाढून अचानक थांबत असेल, तर वर वर्णन केलेली हरवलेली कडा किंवा चुकीचा प्रकार हे कारण असते. लाइन एज आहे की लेव्हल हे ४डी० आणि ४डी१ या पोर्टांवरील रजिस्टरांत दिसते. आयआरक्यू १० चा बिट ४डी१ मधील क्रमांक २ चा आहे, आणि आयएसए मॉड्यूलसाठी तो ० असला पाहिजे. तेथे १ आढळला, तर बायॉसने ती लाइन पीसीआयला दिलेली आहे असे समजावे.

याउलट संख्या भरधाव वाढत असेल आणि प्रोसेसर गुदमरत असेल, तर लेव्हल लाइनवरील एखादे उपकरण विनंती मागे घेत नाही. लिनक्स अशा लाइनवरील शेवटच्या १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० हून अधिक कोणीही स्वीकारले नाहीत असे पाहिले, की लॉगमध्ये ‘नोबडी केअर्ड’ असा संदेश नोंदवून ती लाइनच बंद करते. त्या लाइनवरील ड्रायव्हर एकेक करून उतरवावेत आणि कोणाच्या जाण्याने किंवा येण्याने वादळ उठते ते पाहावे. ज्या उपकरणाचा ड्रायव्हर चढवलेलाच नाही तेही लाइन खाली ओढून बसलेले असू शकते, हे विसरू नये.

यंत्रणा महिनोन्महिने नीट चालून एखाद्या वीजखंडानंतर बंद पडली, तर सीमॉसची बॅटरी तपासावी. बॅटरी संपली की बायॉस कारखान्यातील सेटिंगवर परतते, ५ आणि १० वरील राखीव नोंद पुसली जाते, बंद केलेला पॅरलल पोर्ट पुन्हा जागा होतो आणि आयएसए मॉड्यूल एकाएकी मुकी होतात. बोर्डाच्या बायॉसमध्ये स्वतःची सेटिंग मूळ सेटिंग म्हणून फ्लॅशमध्ये साठवण्याची सोय असेल, तर ती यंत्रणा बाहेर पाठवण्यापूर्वी वापरावी, आणि वाटपाच्या तक्त्याची एक प्रत पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस चिकटवून ठेवावी.